विसार देण्याआधी
दादा, जमीन घेताना सातबारा कोरा दिसला म्हणून लगेच विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. आपल्या मराठवाड्यात इनामी अन् कुळाच्या जमिनी पुष्कळ. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर आधी त्या परवानगीचं बघा. 1954 च्या खासरा पत्रकापासूनचे (ही शेताची जुनी सरकारी नोंद) सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, तहसीलमधून काढा. निजामाच्या काळातला उर्दू कागद निघाला तर जाणत्याकडून वाचून घ्या.

आणि बहिणींचं विसरू नका. परभणीजवळ मी दोन एकर बघितले होते. तिघे भाऊ सहीला तयार, पण वारसाच्या फेरफारात एका बहिणीचं नावच नव्हतं. मी तिच्या सासरी जाऊन विचारलं. आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र तिनं कधी दिलंच नव्हतं. व्यवहार सोडला.

मोजणी करून घ्या, आणि बांधावर उभं राहून शेजाऱ्यांना गाडीवाट विचारा.