छोट्या गेमसाठी चांगलं नाव कसं निवडावं? माझ्याकडे तीन नावं आहेत, त्यातलं कोणतं ठेवू?

स्पष्टच सांगते: तिन्ही नकोत.

तुम्ही लिहिलंय की गेम दीड वर्ष एकट्याने बनवताय, आधी मोबाइलवर आणि मग स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणणार आहात. खेळाडू दीपगृहाचा राखणदार. धुक्याची रात्र, दिव्यातलं तेल मोजकं आणि समुद्रावर जहाजं जास्त. कोणाला उजेड दाखवायचा आणि कोणाला अंधारात सोडायचं हे ठरवत पहाट गाठायची. एवढं वाचूनच मला खेळावंसं वाटलं. मग नावं वाचली: 'क्रॉनिकल्स ऑफ द इटर्नल लाइट: ओरिजिन्स', 'लाइट' आणि 'नाविक'. एकातही तेल नाही, धुकं नाही, ती जीवघेणी निवड नाही.

पहिलं नाव घ्या. तुमच्या गेमचा सगळा जीव उजेड संपत चाललाय यात आहे, आणि नावात तो चक्क 'इटर्नल', म्हणजे कधीच न संपणारा आहे! शिवाय 'ओरिजिन्स' म्हणजे पुढचे भाग येणार हे गृहीतच धरलंय. पहिला भाग अजून बाजारात नाही. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. आता जरा अक्षरं मोजू. रोमन लिपीत, मधल्या जागा धरून, हे नाव 40 अक्षरांचं होतं. ॲप स्टोअर आणि गूगल प्ले दोन्हीकडे नावाला मर्यादा आहे 30 ची. तिसावं अक्षर कुठे येतं पाहिलंत? 'लाइट'मधल्या 'एच'वर. शेवटचा 'टी'सुद्धा बसत नाही. फोनच्या स्क्रीनवर आयकॉनखाली तर दहा-बारा अक्षरांच्या पुढे सगळं कापलं जातं, म्हणजे तिथे नुसतं 'क्रॉनिकल्स' उरणार. स्टीमवर मर्यादेची अडचण नसली तरी याद्यांमध्ये गेमचं चित्र 120 बाय 45 पिक्सेलइतकं लहान होऊन दिसू शकतं. तेवढ्यात सहा शब्द वाचून दाखवा.

लांब नावाचं सगळ्यात बोलकं उदाहरण सायोनिक्स या स्टुडिओचं. 2008 साली त्यांनी प्लेस्टेशन 3 वर एक गेम आणला, गाड्यांनी फुटबॉल खेळायचा. नाव: 'सुपरसॉनिक ॲक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स'. एका दमात म्हणून बघा. तीच कल्पना घासूनपुसून 2015 मध्ये 'रॉकेट लीग' या नावाने आली आणि जगभर गेली. सगळं श्रेय नावाला देणं चुकीचं ठरेल. दुसरा गेम जास्त सफाईदार होता आणि सुरुवातीला प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या योजनेच्या सदस्यांना फुकट मिळत होता. पण 'चल, रॉकेट लीग खेळू' हे वाक्य तोंडातून निघतं. पहिलं नाव घेऊन तेच वाक्य बोलायला गेलात तर तोवर मित्र दुसरं काहीतरी सुरू करून बसेल.

आणि नाव तुम्ही छाटलं नाहीत तर लोक छाटतात. 'प्लेयरअननोन्स बॅटलग्राउंड्स' असं पूर्ण नाव घेणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, सगळे पबजीच म्हणतात. 2021 मध्ये कंपनीनेही हार मानून अधिकृत नाव 'पबजी: बॅटलग्राउंड्स' केलं. त्यांचं नशीब की लोकांनी छाटलेला तुकडा बोलायला सोपा निघाला. तुमच्या नावाचं लघुरूप करायला गेलं तर काय होईल ते तुम्हीच करून बघा, मी इथे लिहीत नाही.

दुसरं नाव 'लाइट'. हे ऐकायला गोड आणि शोधायला अशक्य. ॲप स्टोअरमध्ये हा शब्द टाकला की आधी टॉर्चची ॲप्स येणार, मग फोटो उजळवणारी, आणि तुमचा गेम कुठेतरी तळाशी. 'कंट्रोल', 'इनसाइड' अशी एका शब्दाची नावं गाजली आहेत हे खरं, पण त्यांच्यामागे एक तर मोठी कंपनी होती किंवा आधीच्या गेमने मिळवलेलं नाव होतं. 'प्रे' नावाचे दोन गेम आहेत, 2006 चा आणि 2017 चा. त्यांच्या कथांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे आजही कोणी 'प्रे' म्हटलं की 'कुठला?' हा प्रश्न ठरलेला.

तिसऱ्या नावाबद्दल बोलताना मात्र मला माझंच उदाहरण द्यावं लागेल. माझ्या पहिल्या गेमचं नाव मी 'सावट' ठेवलं होतं. खेळाडू म्हणजे एक सावली, उजेडात गेली की मेली. नाव मला इतकं आवडलं होतं की आठवडाभर मी नुसता त्याचा लोगो काढत बसले. गेम स्टोअरवर आला त्या संध्याकाळी एका मैत्रिणीने फोन करून विचारलं, 'अगं, सापडत नाहीये.' म्हटलं, काय टाइप केलंस? तिने 'डब्ल्यू' वापरला होता, मी 'व्ही'. मग मी आणखी चौघांना फोन केले. पाच जणांनी मिळून चार वेगवेगळी स्पेलिंगं टाइप केली होती: कोणाचा एक 'ए', कोणाचे दोन, एकाने तर शेवटी 'टीएच' लावला होता. गेम न सापडणारे हे माझे स्वतःचे लोक होते! अनोळखी माणूस दुसऱ्यांदा शोधायचे कष्टच घेत नाही. 'नाविक'चं हेच होणार. त्यात 'नाविक' हे भारताच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीचंही नाव आहे, म्हणजे शोधलं की आधी उपग्रह. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमचा खेळाडू नाविक नाहीच, तो किनाऱ्यावर बसलाय.

मराठी शब्द वापरूच नका असं मी म्हणत नाही. रोमनमध्ये ज्याचं एकच स्पेलिंग सुचतं असा शब्द मिळाला तर जरूर वापरा. 'ळ', 'ण', 'व' आणि दीर्घ 'आ' असलेले शब्द तेवढे लांब ठेवा.

माझं म्हणणं एवढंच की नाव कागदावर निवडू नका, तोंडाने निवडा. गेम एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेक वेळा बोलण्यातून. कानावर पडलेलं नाव दोन दिवस लक्षात राहून, नीट टाइप होऊन, शोधात सापडलं पाहिजे. या वाटेवर नाव कुठे सांडतं ते बघायचं.

त्यासाठी मी आता काय करते ते सांगते. आधी खेळाडू गेममध्ये काय करतो, कशाला घाबरतो, कुठली चूक त्याला महागात पडते, याचे शब्द लिहून काढते. विशेषणं नाहीत, क्रियापदं आणि वस्तू. 'डोन्ट स्टार्व्ह' बघा: नाव म्हणजेच गेमचं उद्दिष्ट, तेही दटावणीच्या सुरात. 'पेपर्स, प्लीज' हे तर सीमेवरच्या तपासनिसाचं बोलणंच, आणि खेळाडू तोच तपासनीस आहे. 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज' ऐकल्यावर गेम काय आहे हे कोणाला विचारावं लागत नाही. आपल्यातलाच खुनी कोण ते ओळखायच्या 'अमंग अस'मध्ये संशय नावातच पेरलाय. बनवताना ते 'स्पेसमाफिया' होतं, ते चुकीचं नव्हतं पण अंगावर काटा आणणारं नव्हतं. माझी सगळ्यात लाडकी मात्र 'बाबा इज यू'. त्या गेममध्ये शब्द ढकलून नियम बनवायचे असतात, आणि नाव हाच एक नियम आहे. असं नाव सुचायला भाग्य लागतं, त्याच्या मागे लागू नका.

यादी पन्नासच्या आसपास झाली की प्रत्येक नाव एका वाक्यात घालून मोठ्याने म्हणायचं: 'ए, तू काल ते अमुक खेळलास का?' निम्मी नावं इथेच पडतात, आपल्याच तोंडाला लाज वाटते. उरलेल्यांतली दोन-तीन फोनवर पाच जणांना सांगायची, एकदाच, स्पेलिंग न सांगता, आणि टाइप करून पाठवायला लावायचं. दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं, काय नाव होतं रे? लोक चुकीचं आठवतात तेव्हा चिडू नका, लिहून घ्या. 'सावट'च्या वेळी सगळे 'तो सावलीचा गेम' म्हणत होते, आणि माझ्या गेमचं आत्ताचं नाव त्यातूनच आलं. ते इथे सांगत नाही, जाहिरात होईल.

नावाचा विपर्यास काय होऊ शकतो हेही एकदा बघून घ्या. 'पॅक-मॅन' 1980 मध्ये जपानात 'पक मॅन' नावाने आला होता. अमेरिकेत नेताना वितरकांच्या लक्षात आलं की मशीनवरच्या 'पी'चा गोल कोणीतरी खरवडला की 'एफ' होतो आणि नावाची शिवी बनते. नाव बदललं.

आता कायद्याचं, कारण एकट्या माणसाला हेच सगळ्यात महाग पडतं. नावावर कॉपीराइट नसतो, ट्रेडमार्क म्हणजे व्यापारी नावावरचा हक्क असतो, आणि तो हुबेहूब नावापुरताच नसतो, गोंधळ होईल इतकं जवळचं नावही अडकतं. माइनक्राफ्टवाल्या मोयांगने 'स्क्रोल्स' नावाचा गेम काढायचं ठरवलं तर 2011 मध्ये 'एल्डर स्क्रोल्स'वाल्या बेथेस्डाने दावा ठोकला, तडजोड व्हायला 2012 उजाडलं. 'नो मॅन्स स्काय'च्या टीमला नुसत्या 'स्काय' या शब्दावरून त्या नावाच्या ब्रिटिश टीव्ही कंपनीशी तीन वर्षं झगडावं लागलं. कँडी क्रशच्या किंग कंपनीने 'द बॅनर सागा'च्या नोंदणीला 'सागा' शब्दामुळे हरकत घेतली होती. यात कोण बरोबर होतं हा प्रश्न वेगळा, तुमच्या-माझ्याकडे तीन वर्षं वकिलाला द्यायला पैसे नाहीत. त्यामुळे नाव ठरायच्या आधी दोन्ही स्टोअर, स्टीम आणि ट्रेडमार्कची सरकारी यादी चाळा. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तू आणि सेवांच्या वर्गांनुसार होते, त्यातले वर्ग 9 आणि 41 बघा, डाउनलोड करायचे आणि ऑनलाइन गेम प्रामुख्याने त्यात येतात. दुसऱ्या देशांसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँडचा शोध फुकट आहे.

हे सगळं होईपर्यंत गेमच्या फोल्डरला काहीही नाव द्या. माइनक्राफ्टसुद्धा 2009 मध्ये सुरुवातीला 'केव्ह गेम' होता. फक्त स्टोअरचं पान उघडायच्या आधी नाव पक्कं करा. नंतर बदललंत तर जुन्या व्हिडिओंमध्ये जुनंच नाव फिरत राहतं. आणि 'दीपगृह', 'सर्व्हायव्हल', 'पझल' हे शब्द नावात कोंबू नका. त्यांच्यासाठी ॲप स्टोअरवर नावाखाली 30 अक्षरांची उपओळ आहे आणि गूगल प्लेवर 80 अक्षरांचं छोटं वर्णन.

तुमच्या गेमसाठी मला आधी 'वन शिप टू मेनी' सुचलं: तेल एवढंच, आणि एक जहाज जास्तीचं. मग माझीच परीक्षा लावली तर 'टू'ची तीन स्पेलिंगं निघाली, बाद. त्यातून आलं 'वन मोर शिप'. रोमनमध्ये 13 अक्षरं, सगळे शब्द शाळेतले, आणि तेल संपत आलेलं असताना राखणदार स्वतःशी म्हणेल तेच वाक्य. अजून एक जहाज, मग दिवा विझवू.

घ्यायचं तर घ्या, पण आधी वरची झडती आणि पाच फोन. कोणी काय टाइप केलं ते इथे जरूर लिहा. मला एकच भीती आहे, फोनवर 'शिप' ऐकून निदान एक जण तरी 'शीप' टाइप करेल, आणि तुमच्या दीपगृहाकडे मेंढ्या येतील.