धनुष्याने शिकार आणि टारगेट दोन्ही करायचंय, तर बाण ॲल्युमिनियमचे घ्यावेत की कार्बनचे?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनला येऊन दोन वर्षं झाली, ४५ पाउंड ओढीचा कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतलाय, हिवाळाभर क्लबात इनडोअर १८ मीटर मारायचंय आणि पुढच्या १ ऑक्टोबरला आर्चरीचा सीझन उघडला की मित्राबरोबर हरणाच्या शिकारीला जायचंय, आणि या सगळ्याला मिळून एकच सेट हवाय. मी इथेच गेली बारा वर्षं दोन्ही करतोय, म्हणून सांगतो, एकच सेट नका घेऊ. इनडोअरला सहा ॲल्युमिनियमचे घ्या, शिकारीला सहा कार्बनचे.

इनडोअरला ॲल्युमिनियम का, तर तिथलं टारगेट ४० सेंटीमीटरचं आणि कंपाउंडवाल्यांचा दहाचा गोल जेमतेम २ सेंटीमीटरचा असतो, पण बाण नुसता रेषेला टेकला तरी वरचे गुण मिळतात, म्हणजे बाण जितका जाड तितका तुमचा फायदा. ॲल्युमिनियमच्या शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या नळीवर, चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१५, त्यातले पहिले दोन म्हणजे जाडी २३/६४ इंच आणि पुढचे दोन म्हणजे नळीचा पत्रा किती जाड, तर इंचाचे हजार भाग केले तर त्यातले १५. हा २३१५ साधारण ९.१ मिलिमीटर भरतो आणि वर्ल्ड आर्चरीची मर्यादा ९.३ ची आहे, म्हणून इनडोअरवाल्यांचा तो लाडका. पण तुमच्या ४५ पाउंडाला तो बहुधा फार ताठ पडेल, नुसतं नाव ऐकून उचलू नका, बाण बनवणाऱ्या कंपनीचा चार्ट बघा. जाड कार्बनही मिळतात, पण शिकणाऱ्याला ॲल्युमिनियम स्वस्त पडतं आणि वाकलेला बाण लगेच कळतो, काचेच्या टेबलावर लोळवला की नॉकचं टोक (दोरीत अडकणारी मागची खाच) डुगडुगताना दिसतंच.

हेच वाकणं शिकारीत नडतं. बाण दगडावर गेला, झाडाला लागला की ॲल्युमिनियम थोडासा वाकतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि पुढे ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) असलं की त्या पात्यांना वारा धरतो आणि बाण भलतीकडेच जातो. मग जनावर जखमी होऊन पळतं आणि रात्रभर कुठेतरी तडफडत राहतं, ते मला अजिबात सहन होत नाही. कार्बनचं तसं नाही, तो एक तर सरळ असतो नाही तर तुटलेला.

पण तुटलेला असतो आणि वरून दिसत नाही, ही खरी भीती. म्हणून प्रत्येक बाण मारण्याआधी तपासायचा, एक हात पॉइंटजवळ (पुढच्या टोकाजवळ), दुसरा नॉकजवळ, तोंडापासून लांब धरून जरासा वाकवायचा, थोडा फिरवून परत वाकवायचा आणि कान देऊन ऐकायचं. गेल्या वर्षी माझ्या एका बाणाला दुसरा बाण घासून गेला, वरून साधा ओरखडासुद्धा नव्हता, पण तिसऱ्यांदा फिरवून वाकवला तर पापड मोडावा तसा बारीक आवाज आला. तो तसाच सोडला असता तर सुटता सुटताच फुटून त्याच्या काड्या माझ्या डाव्या हातात घुसल्या असत्या. मी तिथेच त्याचे दोन तुकडे केले, चुकून दुसऱ्या कुणी उचलून मारू नये म्हणून.

आणि हरणाच्या अंगात कार्बन तुटला तर जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून फेकून द्या, ते तंतू खाण्यात जाता कामा नयेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे या गोष्टी घरातून कुणी शिकवलेल्या नसतात, इथल्या जुन्या शिकाऱ्यांना विचारून घ्या, ते आनंदाने सांगतात.

आता बाणाचं वजन. धनुष्याच्या दर पाउंडाला निदान ५ ग्रेन म्हणजे तुम्हाला २२५ ग्रेन, पण ती धनुष्य सांभाळण्यासाठीची किमान मर्यादा झाली, हरणासाठी मी ४०० च्या खाली जात नाही, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. आणि खरं सांगू का, ॲल्युमिनियम की कार्बन यापेक्षा स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, बरोबर असणं जास्त महत्त्वाचं. शाफ्ट २८ इंचावर दोन्हीकडे टेकवून मधोमध १.९४ पाउंडाचं वजन लावलं आणि तो अर्धा इंच वाकला तर तो ५०० स्पाइन, आकडा कमी तितका बाण ताठ. तुम्हाला कार्बनमध्ये ५०० च्या आसपास लागेल, पण ड्रॉ लेन्थ (तुम्ही दोरी किती लांब ओढता ते) आणि पॉइंटचं वजन बदललं की हा आकडाही बदलतो, म्हणून दुकानात धनुष्य बरोबर घेऊन जा आणि कापायचं कामही त्यांच्याकडूनच करून घ्या, कार्बनची धूळ छातीत गेलेली चांगली नाही.

दोन सेटचं वजन वेगळं असणार, त्यामुळे इनडोअर संपलं की साइटच्या (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाच्या) पिना कुठे होत्या ते लिहून ठेवा. १०० ग्रेनचा ब्रॉडहेड वापरणार असाल तर सरावाचा पॉइंटही १०० चाच घ्या, आणि सप्टेंबरमध्ये एकदा प्रत्यक्ष ब्रॉडहेड लावून फोमवर २० यार्डांवरून मारून बघा, पॉइंटने लागतं तिथेच लागत नसेल तर जंगलात जायच्या आधी धनुष्य ट्यून करून घ्या.