बाईंनी शिकवलं, याचा पुरावा काय द्यायचा?

प्रश्न : आमच्या विभागप्रमुख बाई पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. वैद्यकीय शिक्षणातल्या योगदानाच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचं आम्ही ठरवलंय. ३० वर्षं त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून शिकवलं, पण शोधनिबंध मोजून चार. असा प्रस्ताव टिकेल का? आणि त्यांना न सांगता पाठवला तर?
– एक सहायक प्राध्यापक

उत्तर : टिकेल. आधी प्रस्तावात ‘समर्पित’ आणि ‘विद्यार्थिप्रिय’ लिहिलं असेल, तर तेवढं खोडून टाका. मी काही वर्षं अशा निवड समितीवर होते. समर्पित नाही असा एकही उमेदवार माझ्यासमोर आला नाही! एका फायलीत नुसते सत्काराचे फोटो होते. उमेदवार कोणाकोणाशेजारी उभे राहिले ते कळलं, शिकवलं काय ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही.

त्याच गठ्ठ्यातलं एक पत्र मात्र अजून आठवतं. एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलं होतं : प्लीहा चाचपायला मी थेट डाव्या बरगड्यांखाली हात घातला, कडा काही लागेना. सरांनी न बोलता माझा हात उचलून पोटाच्या उजव्या बाजूला, पार खाली ठेवला. रुग्णाला म्हणाले, श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला बोटं थोडी थोडी डावीकडे वर सरकवत नेली, तर बेंबीपाशीच कडा येऊन बोटांवर आपटली. प्लीहा एवढी वाढली होती की मी सुरुवातच तिच्या अंगावर केली होती. पुढे त्यानं लिहिलं होतं, की आता तो स्वतः शिकवतो आणि मुलांचे हात उजवीकडे खालूनच सुरू करायला लावतो. मी पेन खाली ठेवलं. त्या प्रस्तावाबद्दल मला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

तुमच्या बाईंचं असं काय दुसऱ्यांनी उचललं, ते शोधा. योगदान म्हणतात ते हेच. वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीहून परीक्षेची एक नवी पद्धत मांडली. तोवर एकाच्या वाट्याला सोपा रुग्ण आणि हसरा परीक्षक, तर दुसऱ्याच्या नशिबी दोन्ही उलटे. हार्डननी सगळ्यांना त्याच टेबलांवरून, ठरलेल्या वेळात फिरवलं आणि परीक्षकाच्या हाती गुणांची यादी दिली. आज ऑस्की म्हणून आपण तीच घेतो, आणि मुलं तिला घाबरतात ती वेगळी गोष्ट. अमेरिकेतला या क्षेत्रातला मोठा सन्मान २०२० पर्यंत अब्राहम फ्लेक्सनर यांच्या नावानं दिला जायचा. हे गृहस्थ डॉक्टरच नव्हते, शाळामास्तर होते! अमेरिका-कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं पाहून त्यांनी १९१० साली अहवाल लिहिला आणि पुढे कितीतरी सुमार महाविद्यालयं बंद पडली.

बाईंनी एवढं केलं नसेल, करायलाही नको. पण प्रात्यक्षिकाची एखादी तपासणी-यादी त्यांनी बनवली असेल, ती दुसऱ्या विभागानं उचलली असेल. तिची पहिली प्रत, तारखेसकट, जोडा. पत्रं तीनच घ्या : दुसरीकडे शिकवणारा जुना विद्यार्थी, वॉर्डातल्या सिस्टर, आणि एकदा नापास होऊन बाईंच्या हाताखाली पुन्हा उभा राहिलेला कोणी. तिसरं पत्र मिळवायला जरा त्रास पडेल, पण समिती ते पहिलं वाचते. निदान मी तरी वाचायची.

ते चार शोधनिबंध लपवू नका, शेवटच्या पानावर सरळ चार ओळींत लिहा.

आणि न सांगता अजिबात पाठवू नका. सही लागेल ती लागेलच; पण जुन्या याद्या कुठल्या कपाटात आहेत, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?