देणगी समग्रच्या खात्यात घेऊ नका

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, वर्गात वाचनकोपरा करायचाय, एक कंपनी ६० हजार द्यायला तयार आहे, ती खाते क्रमांक मागतेय आणि तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, ‘समग्र शिक्षाचं (शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचं) खातं आहे की, तेच द्या.’ अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आजच फोन करून थांबवा. अर्ज कसा लिहायचा, फोटो किती लावायचे हे इतरांनी सांगितलंच आहे, त्यात मी पडत नाही.

काही वर्षांपूर्वी मी तिसरी-चौथीच्या मुलांना हवामानाच्या नोंदी ठेवायला लावत होते. पर्जन्यमापक म्हणजे कापलेली पाण्याची बाटली आणि तिला चिकटवलेली कागदाची पट्टी. पहिल्याच जोराच्या सरीत पट्टीचा लगदा झाला, तर एका पोराने वहीत लिहिलं, ‘आज पाऊस दीड बोट.’ त्या पानाचा फोटो मी अर्जाला जोडला आणि एका संस्थेने ४२,५०० रुपये मंजूर केले. खरा पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापी, वातकुक्कुट, वर्षभराच्या वह्या, असा सगळा बेत होता. पैसे फेब्रुवारीत आले. कुठे, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या एकुलत्या एका खात्यात, ज्यात सरकारी अनुदानही यायचं. आम्ही निवांत दरपत्रकं मागवत बसलो. तीन हवीत, दोन आली, तिसरा दुकानदार आज देतो उद्या देतो करत राहिला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरून पत्र आलं: अखर्चित शिल्लक व्याजासह परत भरा, दोन दिवसांत. मी फोन करून सांगितलं की यातले साडेबेचाळीस हजार देणगीचे आहेत, सरकारचे नाहीत. पलीकडून उत्तर, ‘पासबुकात शिल्लक दिसतेय ना मॅडम? मग भरा. मागाहून बघू.’ भरले. पासबुकाच्या शेवटच्या ओळीत ०.०० छापून आलं ते पान मी अजून ठेवलंय.

ते ‘मागाहून’ दोन वर्षं चाललं. एक टेबल म्हणे लेखा शाखेत जा. लेखा शाखा म्हणे, परत द्यायला लेखाशीर्षच (खर्च दाखवायचा हिशेबाचा रकानाच) नाही. मग बाबूंची बदली झाली आणि नवे म्हणाले, मूळ पत्र फायलीत दिसत नाही. तोच अर्ज मी चार वेळा दिला, चारही वेळा आवक शिक्का घेतला, चारही पोचपावत्या माझ्याकडे आहेत, पैसे मात्र नाहीत. इकडे संस्था उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागत होती. काय लिहिणार? जे झालं ते लिहिलं. त्यांनी भांडण केलं नाही, पण पुन्हा आमच्या शाळेला दारातही उभं केलं नाही. पर्जन्यमापक शेवटी मी पदरचे पैसे घालून आणला. तोवर दीड बोटवाला पोरगा सहावीला दुसऱ्या शाळेत गेला होता.

त्या कार्यालयावरचा राग आहेच आणि तो राहील. पण चूक माझीही होती. समितीच्या इतिवृत्तात मी ‘निधी प्राप्त झाला’ एवढंच लिहिलं होतं. ‘अमुक संस्थेकडून अमुक कामासाठी देणगी, शासकीय अनुदान नव्हे’ असं लिहिलं असतं तर दाखवायला हातात एक कागद तरी असता. तुम्ही हे वाक्य जसंच्या तसं ठरावात घाला.

माझं मत विचाराल तर पैसे घेऊच नका, वस्तू घ्या. कंपनीला सांगा, पुस्तकं आणि मांडणी तुम्हीच खरेदी करा, बिल तुमच्या नावावर, माल शाळेत पोचवा. तुम्ही पोच द्यायची आणि जडवस्तू नोंदवहीत चढवायचं. त्यांनाही हे सोपं पडतं. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च कंपनी एकतर स्वतः करते, नाहीतर सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत. ही नोंदणी एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे आणि आपल्या समितीकडे ती कुठून असणार? केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळा आपली गरज नोंदवते आणि देणारा वस्तू देतो. अमेरिकेत चार्ल्स बेस्ट नावाच्या शिक्षकाने २००० साली काढलेलं डोनर्सचूज याच तत्त्वावर चालतं: शिक्षकाच्या हातात रोख नाही, सामान थेट वर्गात. (ते तिकडच्या शाळांसाठीच आहे, उगाच फॉर्म भरत बसू नका. मी बसले होते.)

रोखच घ्यावी लागली तर समितीचा ठराव करून लोकसहभागाचं वेगळं खातं उघडा, जमल्यास बँकही वेगळी. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, मग गावातल्या पोरांनी प्रेमाने पाचशे का पाठवेनात. आणि गावचं कुणी परदेशातून देणार असेल तर पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेले चालतात. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर तो परकीय निधी होतो, त्याला नोंदणी लागते.

सरकारी योजनांचं विचारलंत. समग्र शिक्षातून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. कधी येईल याचा भरवसा नाही, त्यावर प्रकल्प बेतू नका. इन्स्पायर-मानक या मुलांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीच्या योजनेचे १० हजार विद्यार्थ्याच्या खात्यात जातात आणि ते सहावीपासून पुढे. अटल टिंकरिंग लॅबचे (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचे) २० लाख ऐकायला छान, पण तिला १५०० चौरस फूट जागा लागते. आपल्या दोन खोल्या, त्यातली एक गळकी.

मी लेखा शाखेतली नाही आणि जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत वेगळी असते, त्यामुळे केंद्रप्रमुखांना विचारा. फोनवर नको, लेखी विचारा, पोच घ्या.

आणि मांडणी उघडी मागा, मुलांच्या उंचीची. कुलपाचं कपाट आलं की पुस्तकं आत, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक मीटिंगला.