वाचकांचे प्रश्न: दोरी सोडण्याआधी लाट जुळवा

वेकसर्फिंगमध्ये दोरीचे काम उठून उभे राहण्यापुरते. त्यानंतर बोटीच्या मागे उठलेली लाटच फळीला पुढे ढकलत राहते आणि सर्फर हात मोकळे ठेवून तिच्यावर वाहत राहतो. या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: दोरी सोडायचे धाडस होत नाही. आमचे मत असे की धाडसाचा विचार नंतर करावा. लाटेत ढकलण्याइतका जोर नसेल तर कसलेला माणूसही मागे पडतो. म्हणून आधी बोटीविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या बोटीला आउटबोर्ड मोटर आहे. वेग कमीच ठेवायचा असतो, मग हळू चालवून सर्फिंग करता येईल का?

नाही. कितीही हळू चालवली तरी नाही. आउटबोर्डचा पंखा बोटीच्या मागच्या कडेच्याही मागे असतो. सर्फर बोटीपासून जेमतेम तीन मीटरवर असतो आणि पुढे घसरून पडला तर थेट पंख्याकडे जातो. साध्या स्टर्नड्राइव्हचेही (इंजिन आत, पंखा मागे बाहेर) तेच. या खेळासाठी पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या बराच पुढे असावा लागतो: म्हणजे इंजिन आत असलेली इनबोर्ड बोट, व्ही-ड्राइव्ह किंवा डायरेक्ट-ड्राइव्ह प्रकारची. पुढे तोंड असलेल्या पंख्यांचे 'फॉरवर्ड ड्राइव्ह' हा स्टर्नड्राइव्हचा प्रकारही चालतो, कारण त्याचे पंखे बोटीखाली दडलेले असतात. तुमच्या बोटीमागे लांब दोरीवर वेकबोर्डिंग करा, त्यातही मजा आहे. सर्फिंगसाठी मात्र दुसरी बोट शोधा.

प्रश्न: माझा डावा पाय पुढे असतो. कोणत्या बाजूची लाट घ्यावी?

डावी. म्हणजे नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिल्यावर जी डावी, ती. तिथे तुमचे तोंड लाटेकडे राहते आणि शिकताना ते फार सोयीचे पडते. उजवा पाय पुढे असेल तर उजवी बाजू. पंखा फिरण्याच्या दिशेमुळे बऱ्याच बोटींची एक बाजू मुळातच जास्त चांगली असते. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या नाहीत तर लगेच वजनाला दोष देऊ नका.

प्रश्न: सात मीटरची व्ही-ड्राइव्ह बोट आहे, सर्फ-प्लेट (मागच्या कडेला बसवलेली, लाट घडवणारी पाती) नाही. किती वजन भरायचे आणि कुठे?

बोट खोल बसावी म्हणून भरलेले वजन म्हणजे बॅलास्ट; जुन्या गलबतांत त्यालाच नीरम म्हणत. दगड-वाळूच्या जागी आता पाण्याच्या पिशव्या आल्या. एक लिटर गोडे पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सोपा आहे.

सुरुवात अशी करा: सर्फच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात ३४० किलोची पिशवी, त्याच बाजूच्या मधल्या बाकावर १८० किलोची आणि नाळेत १८० किलोची. एकूण ७०० किलो. त्यात चालक, लक्ष ठेवणारा आणि खुद्द सर्फर मिळवा. सर्फर पाण्यात असला तरी परत चढतो तेव्हा त्याचे वजन बोटीवरच येते. ही बेरीज बोटीवरच्या क्षमतेच्या पट्टीशी ताडून पाहा. आकडा ओलांडत असेल तर आधी पिशव्यांचे वजन कमी करा. पट्टीवर माणसांची संख्या आणि वजन असे दोन आकडे असतील तर दोन्ही पाळा.

वजन एका बाजूला का, तर बोट पुढे सरकली की तिच्या दोन्ही अंगांचे पाणी मागे येऊन एकमेकांवर आदळते आणि फेस होतो. बोट सर्फच्या बाजूला कलली की त्या बाजूची भेट उशिरा होते, तेवढ्यात लाट स्वच्छ उभी राहते. ज्यांच्या बोटीला सर्फ-प्लेट आहे त्यांनी लक्षात घ्यावे की प्लेट लाटेच्या विरुद्ध बाजूची उघडायची असते. डाव्या लाटेसाठी उजवी. अशा बोटीत वजन दोन्ही बाजूंना सारखे भरतात.

बोट उभी असताना कललेल्या बाजूचा काठ पाण्यापासून निदान दोन वीत वर हवा. नाळेत वजन घालताना विशेष जपा: बोट थांबवून वळवताना स्वतःचीच लाट नाळेवरून आत येते. बिल्ज पंप (तळात साचलेले पाणी बाहेर फेकणारा) चालतो की नाही, हे पिशव्या भरण्यापूर्वी पाहा.

पिशवी अर्धवट ठेवू नका. आतले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि बोट आणखी कलते. पूर्ण भरा, हवा काढा. वजन कमी हवे असेल तर लहान पिशवी घ्या.

प्रश्न: लाट उंच येते, पण माथ्यावर सगळा फेस आणि पुढे लगेच संपते.

वेग आधी तपासा. सर्फिंगचा वेग साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो. १७ वर लावा, वेग आपोआप स्थिर ठेवणारा, जीपीएसवर चालणारा क्रूझ असेल तर तोच वापरा, आणि एका वेळी ०.३ किलोमीटरच वाढवा. वेग वाढला की लाट लांब, स्वच्छ आणि थोडी ठेंगणी होते. कमी झाला की उभी, आखूड आणि फेसाळ.

वेगाने फेस गेला नाही तर कल कमी पडतो आहे. एका माणसाला पलीकडच्या बाकावरून सर्फच्या बाजूला बसवा. सत्तर किलो इकडून तिकडे गेले की फरक डोळ्यांना दिसतो. पंप चालू करण्यापेक्षा हा प्रयोग कितीतरी लवकर होतो.

स्वच्छ आहे पण आखूड आहे, तर नाळेत वजन वाढवा किंवा मागचे कमी करा. मागचे वजन लाटेला उंची देते, पुढचे लांबी. शिकणाऱ्याला लांबी जास्त उपयोगी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुडघ्याएवढी पण लांब कूस असलेली लाट शिकवते. कमरेएवढी आखूड लाट नुसती आपटते. मधली ट्रिम-प्लेट (मागच्या कडेची, बोटीचा झुकाव बदलणारी पाती) थोडी खाली केली तरी लाट लांबते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग आणि वजन एकदम हलवले तर कशाने काय झाले ते कळत नाही.

पाणी उथळ असेल तर यातले काहीच नीट चालत नाही. चार-पाच मीटर खोली असेल तिथे जा.

प्रश्न: ३४० किलोची पिशवी भरायला किती वेळ लागतो? आमची तर नंतर आपोआप रिकामी होते.

तासाला ३,००० लिटरच्या पंपाने कागदावर सात मिनिटे. नळीच्या चढामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त. आपोआप रिकामी होणे किंवा भरणे हा सायफन आहे. नळीला पाण्याच्या पातळीच्या वर नेणारा, हवा घेणारा वळसा द्या आणि एकमार्गी झडप बसवा. इम्पेलरचा पंप कोरडा चालवू नका, रबरी पाती जळतात. पाणवठा बदलण्याआधी पिशव्या पूर्ण रिकाम्या करा, नाहीतर एका तलावातली वनस्पती आणि शिंपले दुसऱ्यात जातात.

प्रश्न: उठतानाच हँडल हातातून सुटते.

पाय लवकर ताठ होत आहेत. फळी पाण्यासमोर भिंतीसारखी उभी राहते आणि सगळा ओढा हातांवर येतो.

उताणे तरंगा, फळी आडवी, टाचा फळीच्या जवळच्या कडेवर. दोरी ताठ झाली की टाचा दाबा; फळी उभी होऊन तळव्यांना चिकटेल. आता गुडघे छातीशी, हात सरळ आणि वाट पाहा. बोट तुम्हाला उचलते, तुम्ही स्वतःला उचलायचे नसते. उकिडवे बसल्यासारखे वर आलात की फळीचे टोक बोटीकडे वळवा आणि मग हळूहळू उभे राहा. चालकाने आधी नुसता गिअर टाकावा आणि चार-पाच सेकंदांत सावकाश वेग द्यावा.

दोरी सहा-सात मीटरची, जाड, कमी ताणणारी असावी. हँडल लहान हवे, ज्यातून हात किंवा डोके जाणार नाही. हाताला वेढा कधीही घेऊ नका.

प्रश्न: दोरी दोन-तीन सेकंद सैल पडते, मग मी मागेच राहतो. सोडावी केव्हा?

दोरी न ओढता सैल पडत असेल तर लाटेत जोर आहे, अर्धे काम झाले. आता पायांकडे पाहू.

पुढच्या पायावर वजन म्हणजे वेग, मागच्यावर म्हणजे ब्रेक. घाबरल्यावर माणूस आपसूक मागे रेलतो आणि नेमका तिथेच लाटेवरून उतरतो. मागचा पाय फिनच्या (फळीखालच्या पात्याच्या) वर, शेपटीच्या पॅडवर ठेवा. पुढचा पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित पुढे. सारखे मागे पडत असाल तर पुढचा पाय आणखी पाच सेंटिमीटर पुढे सरकवा. वजन अर्ध्याहून जास्त पुढच्या गुडघ्यावर, नजर बोटीतल्या माणसांवर. फळीकडे पाहिले की डोके झुकते आणि तोल जातो.

हातांनी दोरी ओढणे ही सगळ्यात जुनी खोड. ओढली की तुम्ही लाटेच्या पुढे येता, दोरी सैल पडते आणि लाट मिळाल्याचा भास होतो. म्हणून एकच हात ठेवा, तोही कमरेशी, कोपर वाकवून स्थिर. तरीही दोरी झोळीसारखी लोंबली तर जागा खरी. दहा सेकंद मोजा. मग मुद्दाम मागच्या पायावर जा, दोरी ताठ होण्याच्या बेतात आली की पुढच्या पायावर या. हे पुढे-मागे जाणे तीनदा जमले की सोडा.

सोडताना हँडल लाटेच्या पलीकडच्या बाजूला हलकेच टाका. बोटीतल्यांच्या अंगावर भिरकावू नका. लक्ष ठेवणाऱ्याने दोरी तत्काळ आत ओढावी. पाण्यात राहिलेली दोरी सर्फरच्या गळ्यात किंवा पंख्यात अडकते.

सुटल्यावर मागे पडू लागलात तर टोक उताराकडे करा आणि छाती पुढच्या गुडघ्यावर आणा. बोटीच्या फार जवळ आलात तर मागचा पाय दाबून लाटेवर चढा. शिकण्यासाठी लांब, जाड, मोठ्या फिनची सर्फ-प्रकारची फळी घ्या. स्किम-प्रकारची पातळ फळी सुंदर गिरक्या घेते, पण तिला लाटेचा जोर कमी मिळतो.

प्रश्न: सर्फर पडल्यावर चालकाने काय करावे?

थ्रॉटल (वेग देणारा दांडा) एकदम बंद करू नये. मागची लाट बोटीला गाठते आणि मागच्या कडेवरून आत येते. वेग सावकाश उतरवा, कमी वेगाने वळा, पडलेला माणूस चालकाच्या बाजूला दिसत राहील असे जवळ जा आणि तो चढण्याआधी इंजिन बंद करा. जीवरक्षक जाकीट सर्फरच्या अंगावर कायम असावे.

ही लाट काठाला त्रास देते. अमेरिकेतील जलक्रीडा उद्योगाची संघटना काठ आणि धक्क्यांपासून २०० फूट, म्हणजे साठेक मीटर अंतर सुचवते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेच्या २०२२ च्या अहवालाने मात्र सर्फच्या बोटींसाठी ५०० फूट, सुमारे दीडशे मीटर, सुचवले आहे. आम्ही दुसरा आकडा धरा असे सांगू. एकाच जागी गोल गोल फिरू नका, लाटा एकमेकींवर चढतात आणि तुमचेच पाणी खराब होते.

प्रश्न: मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे डोके दुखते. ऊन लागत असेल का?

ऊन समजून सोडून देऊ नका. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो; त्याला रंग नाही, वास नाही. सर्फच्या वेगाला धूर मागेच रेंगाळतो आणि वारा मागून असेल तर बोटीत खेचला जातो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे दिसले की इंजिन बंद करून त्या माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि वैद्यकीय मदत मागा. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या कडेला असलेल्या चढण्या-उतरण्याच्या फळीवर कोणी बसायचे नाही, पाय सोडूनही नाही. बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, ब्लोअर (इंजिनच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालू ठेवा, छताचे पडदे उघडे ठेवा आणि शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून चालवा.