जाळीची डाय आणि फाटणारा कागद

प्रश्न : ताई, बहिणीच्या साखरपुड्याचं कार्ड करतेय, पण हँडलवाल्या डाय-कटिंग मशीनमध्ये जाळीची डाय (नक्षी कापायचा धातूचा साचा) नीट कटच होत नाही, कागद काढताना फाटतो. काय चुकतंय?

उत्तर : अगं, आधी मशीनमध्ये डाय-कागदासोबत घालतो ती प्लेट बघ. एकाच जागी कापून कापून प्लास्टिकची प्लेट खोलगट होते, मग तिथे दाबच बसत नाही, म्हणून डाय दरवेळी थोडी सरकवून ठेव आणि प्लेट वाकली असेल तर उलटी कर. तरी नाही झालं तर खाली एक साधा कागद जास्तीचा घाल, डाय तिरकी ठेवून परत हँडल फिरव. धार कागदाकडेच आहे ना? (मी पहिल्यांदा उलटी ठेवलेली, हसू नकोस!) मऊ हँडमेड पेपर जाळीला नकोच, धागे अडकतात, गुळगुळीत २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद घे. डाय आणि कागदामध्ये बेकिंगचा वॅक्स पेपर ठेवलास की नक्षी अलगद सुटते.