शाळेच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान येतंय, ग्रामपंचायत थांबवू शकते का?

ताई, "परवाना कलेक्टर देतात, आमच्या हाती काही नाही" हे तुमच्या सरपंचांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. परवाना जिल्हाधिकारी देतात आणि फाईल राज्य उत्पादन शुल्क विभागातून फिरते, हे बरोबर. पण गावाला आपलं म्हणणं दोनदा मांडता येतं, आणि त्यातली पहिली वेळ दुकानाचं शटर उघडण्याआधीची आहे. ती हातची जाऊ देऊ नका.

आधी हा परवाना मूळ कुठल्या गावचा आहे, ते शोधून काढा. देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने राज्यात कित्येक दशकांपासून दिले जात नाहीत. म्हणजे तुमच्याकडे येणारं दुकान बहुधा दुसऱ्या गावातून उठून येतंय. अशा स्थलांतराला ग्रामसभेचा ना हरकत ठराव लागतो, आणि खरी खेळी तिथेच होते. आमच्या यवतमाळकडे मी हे पाहिलंय. अजेंड्यावर घरकुल, पाणीपट्टी, रोजगार हमी, आणि सगळ्यात खाली 'ऐनवेळी येणारे विषय'. बाया सैंपाकाला घरी गेल्या की त्या शेवटच्या विषयाखाली दुकानाला ना हरकत असल्याच्या चार ओळी लिहिल्या जातात.

म्हणून शेवटपर्यंत बसा. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. विरोधाचा ठराव तिथेच घ्या, प्रोसिडिंग बुकात लिहायला लावा, मोठ्यानं वाचून घ्या, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्क्याची नक्कल मागा. ती अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, आणि कलेक्टर ऑफिसला देऊन पोच घ्या. शाळेपासूनच्या अंतराचीही लेखी हरकत घ्या आणि मोजणीचा पंचनामा मुख्याध्यापकांच्या समोर करायला सांगा. दुकानाचं दार मागच्या बोळात काढून अंतर वाढवलेलं दाखवतात.

महामार्गापासून दारूची दुकानं लांब ठेवण्याच्या निकालावर मात्र विसंबू नका. सुप्रीम कोर्टानं आधी 500 मीटर आणि 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी 220 मीटर अंतर घातलं होतं, पण 2018 मध्ये ग्रामपंचायत हद्दीबाबत ठरवायची मोकळीक राज्यांना दिली.

दुकान सुरू झालंच, तर दुसरा मार्ग मतदानाचा, म्हणजे आपली 'आडवी बाटली' (आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद, उभीला मत म्हणजे चालू). 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, अधिकारी गावात येऊन सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान होतं. सह्या 25 टक्क्यांहून बऱ्याच जास्त घ्या, पडताळणीत काही हमखास गळतात.

बहुतेक गावं हरतात ती मतदार यादीमुळे. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत 600 बाया आहेत. मतदानाला 450 आल्या, 290 जणींनी आडवी केली, 160 जणींनी उभी. तरी दुकान चालूच राहतं, कारण 301 हव्या होत्या. न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूनं मोजली जाते. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, वारलेल्या आज्या, पुण्याला कंपनीत गेलेल्या पोरी, सगळ्या यादीत असतात. आणि दारूचा मार रोज सोसणाऱ्या नव्या सुनेचं नाव मात्र माहेरच्या यादीत!

तेव्हा सह्यांच्याही आधी यादी घेऊन बसा. अंगणवाडी ताई आणि आशाताईला सोबत घ्या, कोणत्या घरात कोण राहतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. वारलेल्या आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी बीएलओकडे (मतदार यादीचं काम पाहणारा गावातला कर्मचारी) नाव वगळण्याचा नमुना 7 भरा, सुनांची नावं पत्ता बदलाच्या नमुना 8 नं आपल्या गावात आणा. तारखेबद्दल तहसीलदारांना आधीच लेखी कळवा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बाया रांगेत थांबत नाहीत, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

तुमचं गाव केळापूर, झरी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतल्या अनुसूचित क्षेत्रात येत असेल, तर पेसा कायद्यानं (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रणाचा अधिकार मिळतो, आणि ठरावाची भाषा वेगळी ठेवावी लागते. तालुका कोणता ते लिहा, त्याप्रमाणे मसुदा सांगते.